जिभेला धरणारा कोळसा

कर्जत-खालापूरहून परत आल्यावर प्रत्येकाने मला एकच विचारलं, "कुठल्या फार्महाऊसला होतीस?" मी "नातेवाइकांकडे" असं सांगून विषय संपवला. चार दिवसांत मी एक कोळशाची भट्टी, एक प्रयोगशाळा आणि एका कॉलनीतली कपडे वाळत घालायची दोरी बघितली, असं सांगितलं असतं तर पुढचे प्रश्न आले असते. प्रश्नांना मी घाबरते. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे अनोळखी माणसाशी मराठीत बोलण्याआधी मी वाक्य मनात एकदा म्हणून बघते, आणि तोवर समोरचा माणूस दुसरं काहीतरी बोलायला लागलेला असतो. लिहिताना मात्र मधे कुणी बोलत नाही.

तर, मी कोळशासाठी गेले होते. एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आम्हाला एक प्रकल्प करावा लागतो. माझा विषय होता, गावात पाडलेला साधा लाकडी कोळसा विहिरीचं पाणी स्वच्छ करायला कितपत चालेल. कोळसा बाहेरून दिसतो तेवढाच नसतो. त्याच्या आत डोळ्याला न दिसणारी भोकं असतात, त्या भोकांना आणखी भोकं, आणि पाण्यातली घाण चिकटते ती या सगळ्या भोकांच्या भिंतींना. चमचाभर चांगल्या कोळशातल्या भिंती उलगडून पसरल्या तर मोठं अंगण झाकलं जाईल. हे अंगण मोजायचं एक यंत्र असतं. आमच्या पुण्याच्या कॉलेजातलं बंद पडलं होतं आणि त्याचा सुटा भाग कित्येक महिने येतोच आहे. मोहोपाड्याला एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत तसंच यंत्र आहे आणि ते कधीमधी विद्यार्थ्यांना वापरू देतात. मला मंगळवार ते गुरुवार असे तीन दिवस मिळाले होते. ते हुकले की पुढचा नंबर परीक्षेनंतर, म्हणजे माझ्या उपयोगाचा नाही.

आणि कोळसा मिळणार होता कर्जतजवळ, मोहोपाड्याच्या वाटेवरच. आमच्या मॅडमना हा योगायोग फार आवडला. मला त्यात फक्त दोन ठिकाणच्या अनोळखी माणसांशी बोलणं दिसत होतं.

सोमवार, कोंडाणे लेण्यांच्या पायथ्याशी

कर्जत स्टेशनबाहेर रिक्षावाल्या प्रमोददादाने माझ्याकडे बघून स्वतःच ठरवून टाकलं. "लेण्यांना ना? बसा ताई."

"नाही. त्याच्या अलीकडे वाडी आहे. तिथे कोळशाची भट्टी लागली आहे म्हणे."

त्याने आरशातून माझ्याकडे नीट बघितलं. "कोळसा घ्यायला पुण्याहून आल्या? तुमच्याकडं नाय मिळत?"

"मिळतो. पण हा कुठून काढला ते बघायचं आहे."

"कोळशात काय बघायचं अस्तं ते बघून मला पन सांगा," तो म्हणाला आणि रिक्षा सुरू केली.

भात कापून झालेल्या शेतांमधून रस्ता जातो. आमच्याकडे पीक निघालं की शेत नांगरून मोकळं ठेवतात. इथे मात्र भाताच्या खुंटांमधूनच वालाची रोपं वर आली होती. पाणी कुणी दिलेलं नाही, जमिनीत उरलेल्या ओलीवर वाढतात, असं प्रमोददादाने सांगितलं. समोर राजमाचीचा डोंगर इतका जवळ आला की रिक्षातून त्याचं टोक दिसेना. लेण्यांच्या पाटीपाशी सगळ्या गाड्या सरळ गेल्या आणि आम्ही एकटेच डावीकडे वळलो. मला उगीचच आनंद झाला.

एका शेतमालकाने बांधावरची सुबाभूळ तोडली होती आणि तिचा कोळसा पाडायचं काम वाडीतल्या हिरूबाईंना दिलं होतं. भट्टी म्हणजे माझ्या खांद्याएवढा मातीचा ढिगारा. आत लाकडं रचायची, वर पाला आणि माती लिंपायची, एका बाजूने पेटवायचं आणि मग चार-सहा दिवस नुसतं राखत बसायचं. कुठे माती फाटून धूर आला की तिथे थापायची. हवा जास्त गेली तर आत नुसती राख उरते. मी पोचले तेव्हा ढिगारा थंड झाला होता आणि हिरूबाई नि त्यांची सून तो फोडत होत्या.

हिरूबाई साठीच्या असाव्यात. काटक, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं. मला सगळ्यात आधी दिसले ते त्यांचे हात. सकाळपासून कोळसा उपसणाऱ्या बाईचे हात माझ्या हातांपेक्षा स्वच्छ होते.

"तुमचे हात काळे कसे नाही झाले?" मी विचारलं. हे वाक्य मनात म्हणून बघायचं राहूनच गेलं.

"चांगला कोळसा हाताला लागत नाय. कच्चा लागतो," त्या म्हणाल्या. "आनि मला तुमी काय म्हन्तेस गं? मी काय मास्तरीन हाय? आजी म्हन."

मी आजी म्हणायला लागले, पण 'तुम्ही' काही सुटेना. त्यावर सून प्रत्येक वेळी हसायची.

आजी भट्टीबद्दल माणसाबद्दल बोलावं तशा बोलायच्या. जिथून पेटवली ते तिचं तोंड. मधला भाग पोट. पेटवलेल्या जागेपासून सगळ्यात लांब, जमिनीलगतचा भाग म्हणजे पाय. पोटातला कोळसा उत्तम, तो तंदूरवाले हॉटेलवाले नेतात. पायाकडचा कच्चा राहतो, तो पुढच्या भट्टीत परत टाकायचा. आणि तोंडाकडच्याला हवा लागते, तो अर्धा जळून फुसका होतो. "तो कोनी घेत नाय. तो आमी टाकून देतो."

मी तीनही ठिकाणचा मूठ मूठ कोळसा जाड प्लास्टिकच्या तीन पिशव्यांत घेतला आणि पिशव्यांवर मार्करने ए, बी, सी लिहिलं. तोंड, पोट, पाय.

"एवढाच?" आजी म्हणाल्या.

"एक चमचासुद्धा पुरतो."

"चमचाभर कोळशासाठी एवढी वनवन! नवरा काय म्हन्तो?"

"लग्न नाही झालं."

"मंग बरंय," त्या म्हणाल्या आणि मला गवती चहा घातलेला कोरा चहा दिला. सोबत तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी. आमच्या घरी भाकरी ज्वारीची, ती मोडावी लागते. ही मऊ, रुमालासारखी घडी पडणारी. चटणीने डोळ्यांत पाणी आलं, तरी मी दुसरी भाकरी मागून घेतली. मागून घेणं हे माझ्या हातून क्वचितच होतं.

मंगळवार, मोहोपाडा

मोहोपाड्याला मी सुमनमावशीकडे उतरले होते. ती आईची मावसबहीण. काका तिथल्याच एका कारखान्यातून निवृत्त झाले आणि आता तिथल्याच एका कॉलनीत राहतात. इथे दिवसाचे भाग भोंग्यांनी पडतात. काका तर कारखान्यांच्या वासावरूनही वेळ सांगतात. सकाळी गॅलरीत उभे राहून त्यांनी नाक वर केलं आणि म्हणाले, "साडेआठ होत आले." घड्याळात आठ अठ्ठावीस झाले होते.

प्रयोगशाळेचे प्रमुख म्हात्रे सर. उंच, बारीक, पांढऱ्या कोटाची सगळी बटणं लावलेले. त्यांनी आधी मला सुरक्षिततेचे नियम वाचायला लावले, मग त्यावर तोंडी प्रश्न विचारले, आणि मगच यंत्राच्या खोलीत नेलं.

यंत्र दिसायला साधं आहे, लहान फ्रीजएवढं. पुढे काचेच्या तीन नळ्या लटकतात, प्रत्येकीच्या टोकाला गोटीएवढा फुगा. त्या फुग्यात कोळसा घालतात. आधी रात्रभर तो गरम करून आतली सगळी हवा आणि ओल ओढून घेतात, म्हणजे भोकं रिकामी होतात. मग नळी द्रवरूप नायट्रोजनच्या थर्मासात बुडवतात. तो इतका थंड असतो की थर्मासच्या तोंडावरून पांढरी वाफ खाली जमिनीवर उतरते. आणि त्या थंडीत यंत्र कोळशाला नायट्रोजन वायूचा एकेक घोट देत जातं. भिंती असतील तितका वायू त्यांना चिकटून राहतो. चिकटायला जागा उरली नाही की दाब वाढतो आणि यंत्राला कळतं की पोट भरलं.

"नमुने?" सरांनी विचारलं.

"घरी आहेत. दुपारी आणते."

"तीनपर्यंत. आज लावले तर उद्या मोजू."

मी घरी आले आणि फाटकातच थांबले. पुढच्या अंगणात, मावशीच्या दोरीवर, काकांचे दोन बनियन, एक टॉवेल आणि त्यांच्यापुढे माझ्या तीन प्लास्टिकच्या पिशव्या चिमटे लावून वाळत होत्या. उलट्या करून धुतलेल्या, स्वच्छ. पाणी ठिबकत होतं.

आमच्या घरीही पिशव्या धुतात. दुधाच्या, ब्रेडच्या, साड्यांच्या. आजवर मला त्यात वाईट काही दिसलं नव्हतं.

"मावशी, त्या पिशव्या..."

"अगं किती छान जाड आहेत! आत नुसती काळी भुकटी लागलेली. म्हटलं, पोरीला परत वापरता येतील."

"त्यावर लिहिलं होतं."

"ते निघालं बाई पटकन. नुसता हात लावला तर गेलं."

तेव्हा मला कळलं की विभागातून घाईघाईत उचललेला तो मार्कर फळ्यावर लिहायचा होता. म्हणजे निम्मी चूक माझी.

"आणि कोळसा?"

"तो मी नाही हं धुतला! ताटल्यांत काढून ठेवला." गॅलरीच्या कठड्यावर एकसारख्या तीन स्टीलच्या ताटल्या होत्या. तीनही ताटल्यांत काळा कोळसा.

"कुठल्या ताटलीत कुठल्या पिशवीतला?"

मावशी आत्मविश्वासाने पुढे झाली. "ही पहिली. म्हणजे, ही पहिली होती. मग इथे सावली आली म्हणून मी त्या सरकवल्या." ती थांबली. तिने माझ्याकडे बघितलं. "महत्त्वाचं होतं का गं?"

मी "नाही, नाही" म्हटलं. मी नेहमी तसंच म्हणते. मग आत जाऊन बाथरूमचा नळ सोडून दोन मिनिटं रडले. बाहेर येऊन तीनही ताटल्या निरखून बघितल्या. सगळं काळंच. सहा महिने मी कोळशाचा अभ्यास करत होते आणि मला कोळसा ओळखता येत नव्हता.

म्हात्रे सरांना फोन करण्याआधी मी वाक्य तीनदा म्हणून बघितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "हे बघा, नावाशिवाय नमुना म्हणजे नुसता कोळसा. यंत्र आकडा देईल. पण तो आकडा कोणाचा, हे यंत्र सांगत नाही."

"नवीन घेऊन येते, सर."

"आणा. उद्या सकाळी दहापर्यंत. नाहीतर यंत्र पुढच्या माणसाला देतो. त्याचेही दिवस आहेत."

प्रमोददादाला फोन केला तर तो म्हणाला, "ताई, ती भट्टी सकाळीच टेंपोत भरून गेली. जागा झाडून काढली. काय ऱ्हायलं नाय तिथं."

मी फोन ठेवणार होते. तोच म्हणाला, "पन म्हातारी हाय की. तिला दावा. मी येतो घ्यायला, चौक गावापर्यंत या."

मी तीन ताटल्यांतला कोळसा तीन डब्यांत भरला आणि डब्यांवर चिकटपट्टीच्या कागदावर बॉलपेनने एक, दोन, तीन लिहिलं. मावशी मागे उभी होती. तिने वालाच्या वड्यांचा एक डबा माझ्या हातात दिला. "त्या बाईला दे. माझ्याकडून. आणि सांग, चुकले म्हणून."

आम्ही पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. आजी शेताच्या बांधावर होत्या. तिथे एक मडकं जमिनीवर पालथं घालून त्याच्याभोवती पेंढा आणि काटक्या पेटवलेल्या होत्या. पोपटी लावली होती. पुण्यात मी पोपटी फक्त ऐकली होती. मडक्यात तळाला भांबुर्डा नावाच्या रानझुडपाचा पाला, मग मीठ आणि ओवा लावलेल्या वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, वर पुन्हा पाला. पाणी एक थेंब नाही.

प्रमोददादाने माझ्याआधी सगळं सांगून टाकलं. आजी हसून हसून खोकायला लागल्या. "पिशव्या धुतल्या! चांगली बाई हाय तुजी मावशी. दाव, पोपटी व्हयस्तवर दाव."

त्यांनी पहिल्या डब्यातला तुकडा उचलला आणि दगडावर वाजवला. ठप्प. बोटावर घासला, तपकिरी रेघ उमटली. "पायाचा." दुसऱ्या डब्यातला वाजवला. काचेची बांगडी आपटावी तसा आवाज आला. "पोटातला. ह्यो ऐक, कसा गातो." तिसरा उचलला. तो हलका, आवाज जवळजवळ नाहीच. त्यांनी तो जिभेला लावला आणि हात सोडला. तुकडा जिभेवर लटकून राहिला. तसंच बोबडं बोलत त्या म्हणाल्या, "तोंदाचा."

सून हसत सुटली. एवढ्यात सगळं संपलं होतं. मला हायसं वाटायला हवं होतं, पण डोक्यात म्हात्रे सर उभे होते. ते विचारणार, कशावरून? एका बाईने सांगितलं म्हणून?

"आजी, पुन्हा सांगाल? न बघता?"

"माजी परीक्षा घेतेस काय गं?"

"हो," मी म्हटलं, आणि माझी मलाच भीती वाटली.

आजींना मात्र मजा वाटली. त्या आमच्याकडे पाठ करून बसल्या. कुठला तुकडा कुठल्या डब्यातला हे वहीत टिपून मी एकेक प्रमोददादाच्या हातात देत होते. तो ते पुढे सरकवायचा, आणि उगाच "आजी, ह्यो सोन्याचा हाय बगा" असं काहीतरी बोलून त्यांना फसवायला बघायचा. आजी डोळे मिटून वाजवत, घासत, जिभेला लावत. अठरा तुकडे झाले. एकही चुकला नाही.

"झाली माजी परीक्षा?" त्या वळल्या. "आता तुजी."

"मला नाही येत."

"म्हनून तर. उद्या तुजा तो सायेब विचारील तवा मी असनार हाय काय तिथं?"

सरांचं नावही मी काढलं नव्हतं. त्यांना कसं कळलं कोण जाणे.

आवाज मला लवकर जमला. पायाचा कोळसाही, कारण बोटं काळी होत. पण पोटातला लहान तुकडा वाजत नाही आणि हात काळे करत नाही, तोंडाचाही करत नाही. तिथे जीभच हवी. तीन माणसं बघत असताना मी जीभ बाहेर काढून कोळसा लावला. काही कळलं नाही, चव तर नव्हतीच.

"अशी भिऊ नको, ओली जीभ लाव," आजी म्हणाल्या. त्यांनी जुन्या फुटक्या मडक्याची एक खापरी माझ्या हातात दिली. "आदी हे लाव."

खापरीने माझी जीभ धरली. हळूच, पण खरोखर धरली. ओल आत ओढली जात होती ते मला कळत होतं. मी पुस्तकात आकृत्या काढल्या होत्या, समीकरणं पाठ केली होती, पण भोकं असलेली वस्तू ओल कशी ओढते ते मला माझ्या जिभेवर पहिल्यांदा कळत होतं. मग पोटातला कोळसा लावला. थोडा धरला, सुटला. मग तोंडाचा. तो सुटेना. मी हात सोडला आणि तो तुकडा माझ्या जिभेवर तसाच राहिला.

"धरला गं धरला!" सून ओरडली.

दोनदा चुकले, मग सलग बारा बरोबर आले. तोवर आजींनी मडक्यावर पाण्याचे थेंब मारले. चर्रर्र झालं, म्हणजे पोपटी तयार. शेंगा गरम, धुरकट, आणि भांबुर्ड्याचा कडवट हिरवा वास भरलेल्या. माझी जीभ काळी होती म्हणून कुणी मला चिडवलं नाही, कारण तोवर सगळ्यांनीच कोळसा लावून बघितला होता आणि सगळ्यांचीच काळी होती. मावशीच्या वड्या आजींनी हुंगून बघितल्या आणि सुनेला म्हणाल्या, "बग, पिशव्या धुनारीच्या हाताला चव हाय."

बुधवार, प्रयोगशाळेबाहेर

दहाला पाच मिनिटं असताना मी डबे आणि वही म्हात्रे सरांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी अठरा तुकड्यांची यादी बारकाईने वाचली.

"ओळखायची पद्धत?"

"आवाज, बोटावरचा डाग आणि..." मी वाक्य मनात म्हणून बघितलं. ते कसंही म्हटलं तरी तसंच राहणार होतं. "आणि जीभ, सर."

खोलीतल्या आणखी दोघांनी माना वर केल्या. सरांनी वही मिटली.

"तुम्हाला येतं?"

"येतं."

"प्रयोगशाळेत तोंडात काही घालायचं नाही. नियम वाचलात ना? बाहेर चला."

आम्ही व्हरांड्यात आलो. फाटकावरचा वॉचमन स्टूल घेऊन जवळ सरकला. सरांनी नऊ तुकडे काढले, चिठ्ठीवर काहीतरी लिहून खिशात घातलं आणि एकेक तुकडा माझ्या तळहातावर ठेवायला लागले. माझे कान तापले होते. एरवी मी वर्गात हजेरी द्यायलाही कचरते. पहिला तुकडा फरशीवर वाजवला. ठप्प, म्हणजे पाय. दुसरा. पोट. तिसरा इतका लहान होता की जिभेशिवाय इलाजच नव्हता. मी डोळे मिटले, जीभ काढली. तुकड्याने जीभ धरली.

"तोंदाचा," मी म्हटलं.

वॉचमन मोठ्याने हसला. सर हसले नाहीत. नऊ झाले, त्यांनी चिठ्ठी काढून बघितली, घडी करून परत खिशात ठेवली.

"आत चला," ते म्हणाले. "नावं नीट लिहा. आणि या वेळी पेन माझं घ्या."

त्यांनी स्वतःच्या हाताने तीन नळ्या भरल्या. रात्रभर गरम व्हायला लावल्या. निघताना मला दारात थांबवून म्हणाले, "मला वाटतं पोटातला पहिला येईल. घट्ट, व्यवस्थित जळलेला. तुमचं काय म्हणणं?"

कोळशाबद्दल माझं म्हणणं आजवर कुणी विचारलं नव्हतं. "तोंडाचा," मी म्हटलं.

"टाकून देतात तो?"

"जिभेला तोच धरतो."

घरी गेल्यावर मावशी दारातच उभी होती. "घेतले का गं?" तिने विचारलं. मी मान हलवली. तिने देवापाशी साखर ठेवली होती, ती आधी काकांना दिली, मग मला. काका म्हणाले, "आज सगळ्या कॉलनीला कळलंय तुझ्या कोळशाचं. ही सकाळपासून सांगत फिरते आहे, मी पिशव्या धुतल्या म्हणून पोरीला शोध लागला." मावशी म्हणाली, "मग? खोटं आहे का?"

गुरुवार

सकाळी तीन थर्मास वर उचलले गेले, तीन नळ्या वाफेत बुडाल्या आणि पडद्यावर तीन रेषा सुरू झाल्या. पायाच्या कोळशाने दोन-तीन घोटांत हात वर केले. त्याची रेषा आडवी झाली. पोटातला बराच वेळ टिकला. सर त्याच्याकडेच बघत होते. मग तोही भरला.

तोंडाचा पीतच राहिला. यंत्र घोट देत होतं, दाब जरासा वाढायचा आणि पुन्हा खाली यायचा.

"पितोय अजून," सर म्हणाले. मग पुन्हा, जरा हळू आवाजात, "अजून पितोय."

जेवायची वेळ झाली तरी आम्ही कुणी उठलो नाही. शेवटी आकडा आला तेव्हा तो पोटातल्या कोळशाच्या दुपटीच्याही वर होता. सरांनी खुर्ची मागे सरकवली आणि मला समजावून सांगायला लागले की तोंडाशी जी थोडी हवा आत जात होती, तिने कोळशाच्या भिंती कुरतडल्या, जुनी भोकं रुंद झाली, नवी उघडली. कारखान्यात हेच काम भट्टीत वाफ सोडून मुद्दाम करतात. बोलता बोलता ते मधेच थांबले, तोंडाच्या डब्यातला एक तुकडा उचलला आणि "आलोच" म्हणून बाहेर गेले.

काचेच्या दारातून मला व्हरांडा दिसत होता. सरांनी आधी वॉचमनकडे बघितलं. तो फाटक उघडायला गेला होता. मग ते भिंतीकडे वळले, कोटाची कॉलर नीट केली, आणि त्यांचा हात तोंडाशी गेला. थोडा वेळ ते तसेच उभे होते. मी पटकन पडद्याकडे बघायला लागले.

ते आत आले. खुर्ची पुढे ओढून बसले. त्यांच्या खालच्या ओठावर एक काळा ठिपका होता. तो मी त्यांना सांगितला नाही.

परतीच्या वाटेवर कर्जत स्टेशनवर प्रमोददादा भेटला. "मंग? काय बगितलं कोळशात?" त्याला पहिल्या दिवसाचं उत्तर द्यायचं राहिलंच होतं. मी सांगायला लागले, तर त्याने मला थांबवून फोनच लावला आणि माझ्या हातात दिला. पलीकडे आजी होत्या. मागे कुणीतरी कुदळ मारत होतं. दुसऱ्या शेतात नवी भट्टी रचायला घेतली होती.

"आजी, तोंडाचा पहिला आला."

"कोन?"

"तोंडाचा. तुम्ही टाकून देता तो. पाणी साफ करायला तोच सगळ्यात चांगला निघेल असं वाटतंय."

पलीकडे कुदळ थांबली. आजी सुनेला काहीतरी म्हणाल्या, सून काहीतरी म्हणाली. मग आजी परत फोनवर आल्या.

"मंग ह्या भट्टीला तोंड मोठं ठेवू काय गं?"

या वेळी मी वाक्य मनात म्हणून बघितलं नाही.

"ठेव आजी," मी म्हटलं. "मी येते बघायला."